तुळजाक्कांची मरी

तुळजाक्का बोलताना माणसाकडे बघत नसत, आभाळाकडे बघत. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटे, या बाई आपल्याला टाळताहेत. आम्हालाही तसंच वाटलं होतं. नजर सारखी वर आणि पाय सारखे चालते. वाक्य अर्धं टाकून त्या अंगणाच्या टोकापर्यंत जात, तिथे काहीतरी बघत आणि उरलेलं अर्धं तिथूनच सुरू करत. तोवर ऐकणाऱ्याने थांबायचं. त्यांच्याशी दहा मिनिटं बोललं की आपलेही पाय अस्वस्थ व्हायला लागत.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नागपूर सोडून बेंगळूरजवळच्या बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात कॉस्टिंगच्या कामावर रुजू झालो. घर मिळालं ते बनशंकरीच्या पार टोकाला. तिथे एक घर बांधलेलं असे आणि पुढच्या दोन-तीन साइटी, म्हणजे प्लॉट, रिकाम्या, घाणेरीच्या झुडपांनी भरलेल्या. शेजारच्या घरात तुळजाक्का एकट्या राहत. वय पासष्टीच्या आसपास, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. घराणं मराठ्यांचं, काही शतकांपूर्वी इकडे येऊन स्थायिक झालेलं. पण अक्का सांगत, "आम्ही फौजेबरोबर आलो," ते अशा थाटात, की घोड्यावरून भांडी त्यांनीच उतरवून घेतली असावीत.

त्यांचं मराठी आमच्या मराठीहून जुनं होतं आणि त्यात कन्नड इतकं मुरलेलं, की कुठला शब्द कुठून आला हे त्यांनाही सांगता आलं नसतं. आम्ही राहायला गेलो त्या दिवशी त्या कुंपणाशी आल्या आणि वर बघत म्हणाल्या, "अण्णा, माझ्या कोळ्या येतील तुमच्या अंगणात. हाकलू नका. आपल्या आपण जातील."

माझी बायको शालिनी सामान सोडायचं ठेवून केरसुणी घेऊन घराचे कोपरे झाडायला लागली. संध्याकाळपर्यंत माळा, न्हाणीघर, कपाटांच्या मागची बाजू, सगळं झालं. एकही कोळी सापडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात दहा-बारा कोंबड्या माती उकरत होत्या. कन्नडात कोंबडीला कोळी म्हणतात हे आम्हाला असं कळलं. अक्कांना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की घर स्वच्छ झालं ना, मग वाईट काय झालं.

मी हिशेबाचं काम करतो हे कळल्यावर त्यांनी माझं नाव लेक्काचे अण्णा ठेवलं. लेक्का म्हणजे हिशेब. आणि लगेच एक काम लावून दिलं. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्या की मी कुंपणापाशी उभं राहून त्या मोजायच्या. अक्का स्वतः कधी मोजत नसत. मालकिणीने मोजलं की दृष्ट लागते, अशी त्यांची पक्की समजूत. मी मोजत असताना त्या पाठ करून उभ्या राहत. आकडाही मोठ्याने सांगायचा नाही. "सगळ्या" म्हणायचं, किंवा "एक बाहेर". आकड्याशिवाय हिशेब सांगणं मला सुरुवातीला जड गेलं. महिन्याभरात सवय झाली.

त्यांच्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या असत, पण सकाळी त्यांना दाणा मिळत नसे. दाणा संध्याकाळी, खुराड्याच्या तोंडाशी, ॲल्युमिनियमच्या ताटलीत. "भरल्या पोटी सोडलेलं परत येत नाही," असं त्या म्हणत. हा नियम त्या माणसांनाही लावत. मला कारखान्याच्या कामासाठी चार दिवस होसूरला जायचं होतं, तेव्हा त्यांनी शालिनीला बाजूला घेऊन बजावलं, की अण्णांना आज पोटभर वाढू नको. शालिनीने खरोखरच दोन पोळ्या कमी केल्या. मी चिडलो. पण गेलो तो एक दिवस लवकर परत आलो, हे कबूल करायला हवं.

आम्ही आल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात कोंबड्यांवर रोग आला. माना पिळवटायच्या, कोंबडी एका जागी गोल फिरायची आणि पडायची. आठवड्याच्या आत खुराडं रिकामं झालं. अक्कांनी शेजारच्या रिकाम्या साइटीवर स्वतः खड्डे खणले, कुणाला हात लावू दिला नाही. जेवण बंद. शेवटची कोंबडी पुरताना त्या तिथेच पडल्या. शालिनीने खिडकीतून बघितलं म्हणून कळलं. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि शहरातच जयनगरला राहणाऱ्या त्यांच्या मुलाला फोन केला.

मोहन हा त्यांचा एकुलता एक मुलगा. बँकेत अधिकारी, जयनगरला तिसऱ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट, बायको, दोन मुली. शांत माणूस. आईने आपल्याकडे येऊन राहावं म्हणून तो बरीच वर्षं मागे लागला होता. या वेळी तो बोलला ते रागाने नाही, घाबरून. पुन्हा पडलीस आणि कुणी बघितलंच नाही तर, असं त्याचं म्हणणं. शेवटी तडजोड झाली. अक्कांनी कोळ्या पाळायच्या नाहीत, मग त्या इथे राहतील. त्यांनी शब्द दिला.

रिकाम्या खुराड्याचं दार मात्र त्या रोज सकाळी उघडत आणि संध्याकाळी लावत. विचारलं तर म्हणत, बिजागरी गंजेल. पूर्वी त्या अंगणाच्या टोकापर्यंत जाऊन परत येत, आता रस्त्याच्या टोकापर्यंत जात. घरात शिरत आणि लगेच बाहेर येत. त्यांच्याकडे बघून आमच्याच घरातलं स्वास्थ्य गेलं.

पावसाळा संपता संपता एकदा त्या कुंपणाशी आल्या. या वेळी आभाळाकडे न बघता सरळ शालिनीकडे बघत त्यांनी हळूच सांगितलं, "घरात मरी आली आहे. कुणाला बोलू नको."

आमच्या विदर्भात मरी म्हणजे साथ, पटकी. गावंच्या गावं ओस पाडणारी. मी कारखान्यातून आलो तेव्हा शालिनीने पाणी उकळायला ठेवलं होतं आणि अक्कांच्या बाजूच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. मी विचार केला, कोंबड्या तर राहिल्या नाहीत, म्हणजे आजार असला तर अक्कांनाच. त्या दिवसभर दार लावून घेत होत्या हेही खरं होतं. काय करावं कळेना. विचारायला गेलो तर दाराच्या फटीतूनच "सगळं सरी आहे, अण्णा" म्हणाल्या आणि दार लावलं. सरी म्हणजे ठीक. पण चेहरा ठीक नव्हता.

अक्कांकडे फोन नव्हता. मोहन दर बुधवारी आमच्या फोनवर आईची चौकशी करी. त्या बुधवारी फोन शालिनीने घेतला.

"भाऊ, अक्कांनी सांगू नको म्हटलंय. पण तुम्हाला कळायला पाहिजे. त्यांच्या घरात मरी आलीय."

मग तो म्हणाला, "किती?"

"किती म्हणजे?"

"किती आलीत?"

"ते काही मी पाहिलं नाही. पण दिवसभर दार लावून घेतात हो."

"रविवारी येतो," म्हणून त्याने फोन ठेवला. शालिनी रिसीव्हर हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "काय माणूस आहे हा. आईच्या घरात मरी आली, अन् किती म्हणून विचारून राहिला."

रविवारी मोहन स्कूटरवरून आला आणि सरळ स्वयंपाकघरात गेला. आम्ही मागे. शालिनीने नाकाला पदर लावला होता. चुलीशेजारी एक मोठी बांबूची दुरडी, तिच्यावर टांगलेला पेटता बल्ब आणि खाली कापसाच्या बोळ्यांसारखी पिल्लं. मी सवयीने मोजली, एकोणीस होती. कन्नडात मरी म्हणजे पिल्लू. शालिनीने रोगाची खबर द्यायला म्हणून तोंड उघडलं आणि अक्कांचं गुपित जसंच्या तसं मोहनच्या कानात घातलं.

अक्का शालिनीवर रागावल्या नाहीत. "रोग आला असता तर मी गल्लीभर ओरडले असते," म्हणाल्या. "रोग कुणी लपवतं का ग?"

मोहन म्हणाला, "अम्मा, तू शब्द दिला होतास."

"कोळी पाळणार नाही म्हटलं होतं. ही मरी आहेत."

"मोठी झाल्यावर?"

"तेव्हाचं तेव्हा."

मोहनला हसू आवरलं नाही, पण ते टिकलंही नाही. ही पिल्लं यंत्रात उबवलेली होती, सरकारी केंद्रातून कुणाकरवी तरी आणवलेली. त्यांना आई नव्हती. आईशिवायच्या पिल्लांना घार म्हणजे काय हे कोण सांगणार? बाहेर सोडलीस की घारी एकेक करून उचलून नेतील, तो म्हणाला, आणि तू पुन्हा अंथरूण धरशील. जाळीत ठेव, मग माझं काही म्हणणं नाही. मीही त्याच्या बाजूने बोललो. जाळी, खांब, मजुरी, सगळं मनात मांडून झालं होतं.

अक्का उठून दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. "जाळीतली कोळी म्हणजे डब्यातली भाजी. त्यापेक्षा मी तुझ्याकडे येते."

मग त्या दोघांत ठरलं ते असं. पिल्लं जाणती झाल्यावर एका रविवारी मोहनसमोर सोडायची. संध्याकाळी सगळी खुराड्यात आली तर अक्का इथे राहतील, कोंबड्यांसकट. एक जरी कमी आलं तरी अक्कांनी त्याच्याबरोबर जयनगरला जायचं, कायमचं. एक कलम अक्कांनीच वर घातलं. "आपल्या पायानं आलेली धरायची. धरून आणलेली धरायची नाही." मोहन म्हणाला, सरी.

तिथून पुढचे आठवडे आमच्या गल्लीने जे बघितलं ते कुणी विसरलं नसेल. पिल्लांना पिसं फुटल्यावर अक्का त्यांना रोज स्वतःच्या अंगणात, बांबूच्या तट्ट्याआड, थोडा वेळ काढत. मग स्वतः काळी छत्री उघडून, ती आडवी धरून, उन्हात पळत. छत्रीची सावली पिल्लांवरून सरके आणि त्याच क्षणी अक्का घशातून एक आवाज काढत, कर्रर्र, खरवडल्यासारखा. कोंबडी घार दिसल्यावर काढते तसा. पहिले काही दिवस पिल्लं उभीच राहिली, मान वाकडी करून या बाईंकडे बघत. मग एक-दोन पळाली. मग सगळी. सावली आणि आवाज आला की जास्वंदीखाली दडायचं, इतकं त्यांच्या डोक्यात बसलं. पुढे पुढे नुसत्या आवाजावर पळायला लागली. पोस्टमन एकदा फाटकातच थबकला. अक्का छत्री खाली न घेता म्हणाल्या, "हद्दू झालेय मी. पत्र तिथेच ठेवा." हद्दू म्हणजे घार.

मला त्यांनी वर बघायचं काम दिलं होतं. खरी घार आली तर सांगायचं. त्या कामाची सवय इतकी लागली, की बोम्मसंद्र्याला कंपनीच्या बसची वाट बघतानाही माझी मान वर असे. एकदा बरोबरच्या माणसाने विचारलं, विमान येणार आहे का. झोपही पातळ झाली होती. शेजारचं घर रिकामं होईल की काय, हा विचार शालिनीला आणि मला एकाच वेळी पडत होता, आणि आम्ही तो एकमेकांना सांगत नव्हतो.

पिल्लांच्या तलंगा झाल्या. अर्ध्या वाढीच्या कोंबडीला आमच्याकडे तलंग म्हणतात. अक्कांना हा शब्द फार आवडला. "हे बरं आहे," म्हणाल्या, "कोळी पण नाही, मरी पण नाही."

ठरलेल्या रविवारी मोहन दुपारीच आला. अक्कांनी त्याला ओट्यावर खुर्ची दिली आणि खुराड्यापासून लांब बसवलं. ऊन उतरायला लागल्यावर त्यांनी दार उघडलं आणि तट्ट्याही काढल्या. पुढे रिकामी साइट, घाणेरी, गवत, त्याच्या पलीकडे आणखी साइटी. सकाळपासून तलंगांच्या पोटात काही नव्हतं.

बराच वेळ एकही बाहेर आली नाही. मोहन म्हणाला, हात घालून काढ. अक्कांनी मान हलवली. ढकलून काढलेलं घाबरून धावतं आणि घाबरून धावलेलं रस्ता लक्षात ठेवत नाही. शेवटी एक पिवळसर तलंग उंबऱ्यावर आली, बाहेरच्या मातीवर एक चोच मारून परत आत गेली. पुन्हा आली. मग तिच्यामागे दोन, मग धक्काबुक्की करत सगळ्या. बघता बघता त्या साइटीवर पांगल्या. गवतात कुठे पाठ दिसे, कुठे नुसतं गवत हले. मला एकाच वेळी सगळ्यांवर नजर ठेवता येईना, आणि वरही बघायचं होतं.

घार आली ती मला दिसलीच नाही. अक्कांना दिसली. त्यांच्या घशातून तो आवाज निघाला आणि साइटीवरचं गवत एकदम एका दिशेने हललं. तलंगा घाणेरीत घुसल्या. तीन-चार, ज्यांना झुडूप लांब पडलं, त्या अक्कांच्या लुगड्याच्या घोळाशी येऊन चिकटल्या. घार खाली आली, रिकाम्या जमिनीवरून गेली आणि चढत दूर झाली. मी वळून बघितलं तर मोहन खुर्चीवरून उठून अंगणाच्या कडेला आला होता. नंतर तो बसला नाही.

दिवस कलला. अक्कांनी ताटली वाजवली आणि "बा, बा, बा" हाक घातली. गवतातून, झुडपांतून, कुणी धावत, कुणी रमत, तलंगा यायला लागल्या. खुराड्याच्या तोंडाशी गर्दी झाली. अक्का पाठ करून उभ्या राहिल्या. मी मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"अक्का," मी म्हणालो, "एक बाहेर."

त्या वळल्या नाहीत. तशाच घरात गेल्या. आतून ट्रंक ओढल्याचा आवाज आला.

"पुन्हा मोजा," मोहन मला म्हणाला. मी पुन्हा मोजलं. मग तो स्वतः साइटीवर गेला, बँकेच्या इस्त्रीच्या पँटीनिशी गुडघ्यांवर बसून घाणेरीखाली बघू लागला. जो माणूस आईला न्यायला आला होता, तो तिला ठेवून घेण्यासाठी काट्यांत शिरला होता. शालिनी दुसऱ्या बाजूने बघत होती. तिलाच दिसली. अंगणातल्या शेवग्यावर, डोक्याच्याही वर, तीच पिवळसर तलंग अंग फुगवून बसलेली. हद्दूपासून पळायला अक्कांनी शिकवलं होतं. झाडावर चढायला कुणी शिकवलं नव्हतं.

"आली की," मोहन मोठ्याने म्हणाला. "अम्मा, अंगणातच आहे. हद्दूनं नाही नेली."

अक्का कापडी पिशवी घेऊन दारात आल्या होत्या. "खुराड्यात नाही," म्हणाल्या.

शेवग्यावर चढू नये, त्याची फांदी काकडीसारखी मोडते, हे माहीत असून मोहन चढला. फांदी मोडली. तो खाली आला तो फांदीसकट, पण तलंग त्याच्या हातात होती. कोपर सोललं होतं. त्याने तिला खुराड्यात सोडलं आणि कडी घातली. "आता?"

"धरून आणलेली धरायची नाही. ठरलंय."

"मी म्हणतो ना, राहा."

"तू म्हणतोस म्हणून राहिले, तर उद्या तू म्हणशील तेव्हा यावं लागेल." हे त्यांनी अगदी सरळ, त्याच्या तोंडाकडे बघत सांगितलं.

शालिनीने ज्वारीची भाकरी केली होती. जेवून निघा म्हणाली. अक्कांनी नको म्हटलं, पाणीसुद्धा घेतलं नाही. किल्ली शालिनीच्या हातात देऊन म्हणाल्या, सकाळी दार उघडायचं, दाणा संध्याकाळीच. स्कूटरच्या मागच्या सीटवर पिशवी मांडीत घेऊन बसल्या आणि गेल्या.

नंतरचे दिवस शालिनी त्यांच्यासारखीच चालायला लागली. खिडकीशी, अंगणात, पुन्हा खिडकीशी. संध्याकाळी जयनगरहून फोन येई. अक्का एकच शब्द विचारत, "सगळ्या?" मी म्हणे, "एक वर." पिवळसर तलंग रोज शेवग्यावरच बसत होती, मोडलेल्या फांदीच्या शेजारच्या फांदीवर. मग पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज. एका संध्याकाळी फोन आला नाही. शालिनी म्हणाली, रुळल्या वाटतं. मला ते खरं वाटलं नाही आणि खोटं निघावं असंही मनात होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, तलंगा आत यायच्या वेळेला, मोहनचा फोन आला. आवाज चढलेला. "अम्मा तिकडे आलीय का? बनशंकरीच्या देवळात जाऊन येते म्हणून गेली, तीन तास झाले."

शालिनीने खिडकीतून बघितलं. बस थांब्याच्या बाजूने अक्का येत होत्या. काखेत पिशवी, धापा टाकत, पण थांबत नव्हत्या. फाटक त्यांनी खांद्याने ढकललं.

"आल्या, भाऊ," शालिनी फोनमध्ये म्हणाली.

"कुणी धरून नाही ना आणली?"

"कोण आणणार? आपल्या पायानं आल्यात."

पलीकडून मुलींचा गलका ऐकू येत होता. मोहन म्हणाला, "सरी." आणि फोन ठेवला.

पुढे दोन वर्षांनी आम्ही बेंगळूर सोडलं. त्या मधल्या काळात अक्का रोज दिसत होत्या. तरी त्या आठवतात म्हटलं की मला तीच संध्याकाळ दिसते. मी बाहेर गेलो तेव्हा त्या शेवग्याखाली उभ्या होत्या. उजेड जवळजवळ संपला होता. वर फांदीवर ती तलंग, पंखांत मान घालून. अक्कांनी हाक मारली नाही, ताटली वाजवली नाही.

"मोजलंत?" मला म्हणाल्या.

"एक वर आहे."

"ती धरून."

मी वर बघितलं, खुराड्यात बघितलं. "ती धरून सगळ्या."

अक्कांनी खुराड्याची कडी घातली आणि घरात गेल्या.